सर्फराजला का घेतले नाही, एवढे तरी सांगा

ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबर २०२५ ला, भारत ‘अ’ संघ जाहीर झाला. दक्षिण आफ्रिका ‘अ’ संघाविरुद्ध बंगळुरूत दोन चारदिवसीय सामने होते, त्यासाठी. कर्णधार ऋषभ पंत. यादी वरपासून खालपर्यंत वाचली तरी सर्फराज खान त्यात नाही. मुख्य कसोटी संघात तो नाही, याची आता सवय झाली होती. पण ‘अ’ संघातही नाही?

दुसऱ्याच दिवशी काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी समाजमाध्यमावर प्रश्न टाकला की, हे त्याच्या आडनावामुळे तर नाही ना? भाजपने लगेच उत्तर दिले की, क्रिकेटमध्येही हिंदू-मुसलमान आणता का? झाले. त्यानंतर टीव्हीवर जे व्हायचे तेच झाले आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जे फिरायचे तेच फिरले. एका बाजूला “बघा, आम्ही म्हणत होतो ना” आणि दुसऱ्या बाजूला “सिराज आहे की संघात, मग कसला भेदभाव?” या सगळ्या गदारोळात सर्फराजच्या धावा किती, हे सांगणारा माणूस मला तरी भेटला नाही.

मी या लेखात दोन गोष्टी म्हणणार आहे. दोन्ही बाजूंच्या मंडळींना त्यातली एकेक कडू लागेल. पहिली गोष्ट: सर्फराजवर अन्याय झाला आहे, अगदी स्वच्छ आणि मोजता येईल असा. दुसरी गोष्ट: तो अन्याय आडनावामुळे झाला असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आज आपल्या हातात नाही, आणि पुराव्यावाचून ते म्हणत राहणे सर्फराजचेही नुकसान करते आणि आपल्या मुलांचेही.

आधी गुणपत्रिका

मास्तरकी करणारी बाई आहे, त्यामुळे आधी गुणपत्रिका काढते.

२००९ साली, बाराव्या वर्षी, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा. २०१४ आणि २०१६ असे दोन एकोणीस वर्षांखालील विश्वचषक. हे झाले बालपण. खरी परीक्षा रणजी करंडकाची. २०१९-२० च्या हंगामात ९२८ धावा, त्यात उत्तर प्रदेशविरुद्ध वानखेडेवर नाबाद ३०१ आणि हिमाचलविरुद्ध धरमशालेला नाबाद २२६. सरासरी १५४. करोनामुळे मधला हंगाम झालाच नाही. २०२१-२२ मध्ये ९८२ धावा, चार शतके, सरासरी १२२, आणि मध्य प्रदेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात १३४. २०२२-२३ मध्ये ५५६ धावा, तीन शतके, सरासरी ९२.

तीन हंगाम असे एकामागून एक घातलेला दुसरा फलंदाज त्या काळात देशात नव्हता. तरी जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी त्याला घेतले नाही. सूर्यकुमार यादवला घेतले. सूर्यकुमार वीस षटकांच्या सामन्यांतला जादूगार आहे, यात वाद नाही. पण पाच दिवसांच्या सामन्याची जागा वीस षटकांच्या कर्तबगारीवर दिली गेली. तो नागपूरला एक कसोटी खेळला, आठ धावा केल्या आणि पुन्हा कसोटीत दिसला नाही. त्या वेळी सुनील गावसकर संतापून म्हणाले होते की, सडपातळ मुलेच हवी असतील तर फॅशन शोमध्ये जा आणि तिथल्या मॉडेलांच्या हातात बॅट-चेंडू द्या. सहा महिन्यांनी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यालाही सर्फराज नव्हता, तेव्हा रणजी करंडक भरवताच कशाला, असा त्यांचा सूर होता.

अखेर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकोटला, इंग्लंडविरुद्ध, अनिल कुंबळेच्या हातून त्याला टोपी मिळाली. क्रमांक ३११. वडील नौशाद खान, ज्यांनी त्याला घडवले, ती टोपी हातात घेऊन रडले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या सामन्यात त्याने ६६ चेंडूंत ६२ धावा केल्या आणि जडेजाच्या चुकीच्या हाकेवर धावबाद झाला. दुसऱ्या डावात नाबाद ६८. पुढे धरमशालेला ५६. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला न्यूझीलंडने भारताला ४६ धावांत गुंडाळले. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात सर्फराजने १५० धावा ठोकल्या.

मग पुण्यात ११ आणि ९, मुंबईत ० आणि १. हे लपवण्याचे कारण नाही. सहा कसोटी, अकरा डाव, ३७१ धावा, सरासरी ३७. गुणपत्रिकेत लाल शेराही आहे आणि तो मी तुमच्यापुढे ठेवला. आता एवढेच विचारते: शतकानंतरचे चार डाव फसले म्हणून माणूस संघातून कायमचा जातो का? जात असेल, तर हा नियम बाकीच्यांनाही लावा.

लिलावाचा भाव म्हणजे लायकी नव्हे

सर्फराजविरुद्ध हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट म्हणजे, “आयपीएलमध्येच त्याला कोणी घेत नाही.” तेव्हा ते खरे होते. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईला लिलाव झाला, त्याच्या नावावर कोणी बोली लावली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला पुन्हा लिलाव झाला, पुन्हा कोणी हात वर केला नाही.

आता या दोन तारखा कसोटीच्या तारखांशेजारी ठेवून बघा. दुबईत तो विकला गेला नाही, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याने कसोटी पदार्पणात दोन अर्धशतके केली. बंगळुरूला दीडशे केल्यावर पाच-सहा आठवड्यांत जेद्दाहला तो पुन्हा न विकता राहिला. म्हणजे लिलावातल्या भावाचा आणि कसोटीतल्या धावांचा काही संबंध नाही, हे त्याने स्वतःच्या बॅटने दोनदा सिद्ध करून दिले. आणखी कसला पुरावा हवा?

संघमालक स्वतःचे पैसे लावतात. त्यांनी कोणाला घ्यावे, हा त्यांचा प्रश्न. त्यांना शेवटच्या चार षटकांत सहा षटकार मारणारा हवा असतो. पण भारताचा कसोटी संघ ही कोणा मालकाची मालमत्ता नाही. तिथे बाजारभाव चालत नाही, चालता कामा नये. मोंढ्यात ज्या कांद्याला भाव मिळाला नाही तो कांदा खराबच असतो का, हे आपल्या लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला विचारा. भाव त्या दिवशी बाजाराला काय हवे होते एवढेच सांगतो.

तरीही बाजारभाव कसोटी संघात मागच्या दाराने शिरतोच. मे २०२५ मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली दोघेही कसोटीतून निवृत्त झाले. फलंदाजीत दोन मोठ्या जागा रिकाम्या झाल्या. इंग्लंडला जाणाऱ्या संघात साई सुदर्शन आला. त्या हंगामात आयपीएलमध्ये सर्वांत जास्त, ७५९ धावा त्याच्या होत्या. प्रथम श्रेणीत मात्र त्याची सरासरी तेव्हा चाळिशीच्या आसपास होती. सर्फराजची पासष्टच्या आसपास. साई गुणी मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मी नियमाबद्दल बोलते आहे. रणजी ही प्रवेशपरीक्षा असेल तर तिचे गुण धरा. नसेल तर तसे जाहीर करा, म्हणजे निदान आईबाप आपल्या मुलांना पहाटे पाच वाजता मैदानावर पाठवताना विचार करतील.

दर वेळी नवे कारण

माझ्या मते खरा अन्याय न निवडण्यात नाही. अकरा जागा असतात, शेकडो मुले असतात, कोणीतरी राहणारच. अन्याय कारण बदलत राहण्यात आहे.

आधी म्हणाले, वजन जास्त आहे. (इंझमाम आणि रणतुंगा आज खेळत असते तर आपल्या लोकांनी त्यांना दारातूनच परत पाठवले असते. आणि ज्या प्रवक्त्या आज सर्फराजसाठी रडत आहेत, त्यांनीच मार्च २०२५ मध्ये रोहित शर्माच्या जाडेपणावर शेरा मारला होता. त्याच आठवड्यात रोहितने चॅम्पियन्स करंडक जिंकून आणला.) सर्फराजने २०२५ च्या उन्हाळ्यात कित्येक किलो वजन उतरवले. फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

मग म्हणाले, परदेशात वेगवान गोलंदाजीपुढे टिकणार नाही. असेलही. पण ते कळणार कसे? २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्याला नेले आणि पाचही कसोटींत बाहेर बसवले. पर्थच्या पहिल्या कसोटीत शुभमन गिल जखमी होता, म्हणजे जागा होती. ती मूळ संघात नाव नसलेल्या देवदत्त पडिक्कलला मिळाली, सर्फराज पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहिला. तिथे न खेळवताच तो तिथे खेळू शकत नाही, हे ठरले! मे २०२५ मध्ये कँटरबरीला इंग्लंड लायन्सविरुद्ध ‘अ’ संघाकडून त्याने ९२ धावा केल्या. त्या इंग्लंडमध्येच केल्या, नाशिकच्या गोल्फ क्लबवर नाही. तरी कसोटी संघात नाव नव्हते.

मग म्हणाले, देशांतर्गत धावा आणि अनुभव यांच्या बळावर करुण नायर आला. करुणने रणजीत ८६३ आणि विजय हजारे करंडकात ७७९ धावा केल्या होत्या. त्याचे येणे शंभर टक्के योग्य होते आणि आठ वर्षांनी तो परतला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण मग हाच निकष सर्फराजच्या ९२८ आणि ९८२ धावांना लागू करायला इतकी वर्षे का लागली?

आता ‘अ’ संघाबद्दल. ऑगस्टमध्ये बुची बाबू स्पर्धेत सर्फराजने दोन शतके केली. मग मांडीचा स्नायू दुखावला, दुलीप करंडक हुकला. हे खरे कारण होते, कोणी तक्रार केली नाही. ऑक्टोबरमध्ये तो श्रीनगरला जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळला, ४२ आणि ३२. म्हणजे तंदुरुस्त होता. पंत दुखापतीतून परतत होता, त्याला सरावासाठी मधल्या फळीतली एक जागा हवी होती, हेही मला पटते. पण संघात मधल्या फळीची जागा एकच असते का? ‘अ’ संघ म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधीची सराव परीक्षा. ज्याने मुख्य परीक्षेत दीडशे केले, त्याला सराव परीक्षेलाही बसू देणार नसाल तर निदान एका ओळीत कारण लिहा.

राखीव माणसाचे नशीब

सर्फराजच्या कारकिर्दीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजकोटला त्याला संधी मिळाली ती के. एल. राहुल जखमी होता आणि कोहली घरगुती कारणाने नव्हता म्हणून. बंगळुरूला मिळाली ती गिलची मान आखडली म्हणून. म्हणजे तीन हंगामांच्या धावांनी जे दार उघडले नाही, ते दुसऱ्याच्या दुखण्याने उघडले.

राखीव माणसाचे जगात सगळीकडे असेच असते. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये कॉलेजातल्या खेळाडूंची दरवर्षी संघांमध्ये वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. १९९४ मध्ये कर्ट वॉर्नर नावाच्या मुलाला त्या वाटणीत एकाही संघाने घेतले नाही. तो आयोवा राज्यात एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा. पुढे सेंट लुईसच्या संघात राखीव क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक म्हणजे त्या खेळातला मोहरा, चेंडू त्याच्या हातातून सुटल्याशिवाय चाल होत नाही. १९९९ च्या हंगामाआधी मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला आणि नाइलाजाने वॉर्नरला उतरवावे लागले. त्या हंगामात संघाने सुपर बोल जिंकला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू वॉर्नर ठरला. ही गोष्ट तिकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकली की भीती वाटते. तो गुडघा शाबूत राहिला असता तर? असे किती वॉर्नर आजही फळ्यांवर डबे लावत असतील?

आपल्याकडचे डबे लावणारे आपल्याला माहीत आहेत. मुंबईचे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. एकही कसोटी नाही, कारण पुढे बिशनसिंग बेदी होते. मार्च २०२५ मध्ये ते गेले. हरयाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी, तेही बेदींच्या सावलीत. अमोल मुझुमदार, पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, पुढे तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. पुढे त्याने महिला संघाला २०२५ च्या विश्वचषकासाठी घडवले. यांतल्या कोणाचेही आडनाव खान नव्हते.

हे मी का सांगते? कारण न निवडले जाण्याची शंभर कारणे असतात आणि त्यात नाव हे एकच नसते. आपल्या घरातलेच उदाहरण देते. बी.एड. झाल्यावर मी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. एका शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांचा दहावीचा मराठीचा वर्ग मला मिळाला. उर्दू माध्यमाची मुले, मराठीची धास्ती घेतलेली. निकाल चांगला लागला. बाई परत आल्या, मी घरी आले. वर्ग त्यांचाच होता, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण पुढच्या वर्षी तिथे कायमची जागा निघाली तेव्हा मला मुलाखतीलाही बोलावले नाही. का, असे विचारले तर “बघू, इन्शाअल्लाह” एवढेच उत्तर. त्या संस्थेचे चालक, मुख्याध्यापक आणि मी, आम्ही सगळे एकाच मोहल्ल्यातले, एकाच मशिदीचे. तिथे आडनावाचा प्रश्नच नव्हता. तिथे प्रश्न होता तो नियम नसण्याचा. ज्याच्या हातात यादी, त्याच्या मर्जीवर सारे.

सर्फराजसाठी गळा काढणाऱ्या आपल्या किती संस्थांमध्ये नेमणुका गुणांवर होतात? हा प्रश्न कटू आहे. पण बीसीसीआयला न्याय मागताना आपल्याच अंजुमनच्या कार्यालयात तो रोज पायदळी तुडवला जात असेल, तर आपल्या आवाजाला धार राहत नाही.

आडनावाचा प्रश्न

आता त्या प्रश्नाकडे येते. “आडनावाचा विषय काढूच नका” असे सांगणाऱ्यांना आधी उत्तर देते.

हा प्रश्न आकाशातून पडलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईला पाकिस्तानकडून भारत हरला तेव्हा अकरापैकी एकट्या मोहम्मद शमीला घाणेरड्या शिव्या दिल्या गेल्या. विराट कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, हे विसरता येणार नाही. पण त्याला उभे राहावे लागले, हेही विसरता येणार नाही. घर भाड्याने शोधताना नाव सांगितल्यावर फोन ठेवला जातो, हे आपल्यापैकी ज्याने अनुभवले आहे, त्याच्या मनात यादी वाचताना शंका येणारच. त्या शंकेला देशद्रोह म्हणू नका. ज्याला कधी काटा लागला नाही, त्याने दुसऱ्याला पाय झटकू नकोस असे सांगू नये. आणि “सिराज आहे ना” हे उत्तरही पुरेसे नाही. सिराजने २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये पाचही कसोटी खेळून २३ बळी घेतले, दोन्ही संघांत सर्वांत जास्त, आणि ओव्हलची कसोटी सहा धावांनी जिंकून दिली. तो कोणाच्या उदारपणाचा नमुना म्हणून संघात नाही. त्याने जागा कमावली आहे. एकाने कमावले म्हणून दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही.

पण आता आपल्या लोकांना. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा आपल्या फिकहमधला साधा नियम आहे, आणि तो आपल्या सोयीचा असेल तेव्हाच लागू होतो असे नाही. निवड समितीने सर्फराजला नाव बघून वगळले, याचा पुरावा आहे का? असेल तर मांडा. नसेल तर शंका ही शंका म्हणून सांगा, निकाल म्हणून नको.

कारण ही काठी दोन्ही बाजूंनी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये वसीम जाफर उत्तराखंडचा प्रशिक्षक होता. रणजीत बारा हजारांहून अधिक धावा केलेला मुंबईचा माणूस. निवडीवरून तिथल्या संघटनेशी मतभेद झाले, त्याने राजीनामा दिला, आणि लगेच त्याच्यावर आरोप आला की तो मुसलमान खेळाडूंना झुकते माप देतो. बिचाऱ्याला पत्रकारांपुढे बसून एकेका मुद्द्याचा खुलासा करावा लागला. तेव्हा अनिल कुंबळे त्याच्या पाठीशी उभा राहिला, तोच कुंबळे ज्याने पुढे सर्फराजच्या हातात टोपी दिली. तेव्हा आपण काय म्हणत होतो? “पुरावा द्या, नावावरून आरोप करू नका.” बरोबर म्हणत होतो. मग आज तेच वाक्य आपल्यालाही लागू आहे.

आणि सर्वांत मोठे नुकसान कुठे होते, ते सांगते. त्र्यंबक रोडवर आपले शाहजहानी ईदगाह मैदान आणि त्याच्या शेजारी गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात. याच शहराचा सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षे महाराष्ट्रासाठी डावखुरी फिरकी टाकतो, याच शहराचा रामकृष्ण घोष चेन्नईच्या संघात गेला. आपली मुले हे डोळ्यांनी बघतात. परवा सुट्टीत माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा वडाळा नाक्यावर भेटला. बरा खेळतो. सराव कसा चाललाय म्हटले, तर म्हणाला, “जात नाही आता. मॅडम, सर्फराजलाच घेत नाहीत, आपल्याला कोण घेणार?” त्याला हे कोणी शिकवले? निवड समितीने नाही. त्याच्या मोबाइलवर आलेल्या, आपणच पुढे ढकललेल्या संदेशांनी शिकवले.

राजकारण्यांचे यात काही जात नाही. एकाला मते मिळतात, दुसऱ्यालाही मिळतात. जाते ते त्या चौदा वर्षांच्या मुलाचे. त्याने बॅट ठेवून दिली तर उद्या एखादी न्याय्य निवड समिती आली तरी तिच्यासमोर निवडायला कोणी नसेल. ज्या मुलाला आपण “तुला मिळणारच नाही” सांगतो, त्याच्यावर पहिला अन्याय आपण करतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरहून निघालेल्या झहीर खानच्या कानात कोणी हे भरले असते, तर भारताचे ३११ कसोटी बळी गेले असते. तेव्हा त्याच्याही आडनावात खानच होते.

मग मागायचे काय?

सर्फराजसाठी दया मागायची नाही. मुसलमान म्हणून एक जागा द्या, असे तर चुकूनही म्हणायचे नाही. तशी जागा तो घेणार नाही आणि घेऊही नये. मागायच्या गोष्टी तीन.

एक, कारण जाहीर करा. देशांतर्गत क्रिकेटमध्ये सर्वांत वर असलेला फलंदाज वगळताना निवड समितीने एक ओळ लिहावी: तंदुरुस्ती, तंत्र, वय, फलंदाजीचा क्रमांक, जे असेल ते. मी नववीच्या मुलाला नापास करते तेव्हा त्याच्या पालकांना उत्तरपत्रिका दाखवते. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला एवढे जड जाऊ नये. कारण न सांगितल्याने जी पोकळी उरते, तीच आडनावाच्या तर्काने भरली जाते. अफवांवर चिडणाऱ्या मंडळाने आधी स्वतःचे मौन तपासावे.

दोन, कसोटी संघासाठी रणजी आणि दुलीपचे गुण आयपीएलच्या वर धरा, आणि ते आधी सांगा. परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम बदलता येत नाही.

तीन, संधी म्हणजे पूर्ण संधी. दौऱ्यावर नेऊन बाकावर बसवणे ही संधी नाही. करुण नायरला इंग्लंडमध्ये चार कसोटी, आठ डाव मिळाले. त्याने २०५ धावा केल्या, एकच अर्धशतक झाले, आणि पुढच्या मालिकेत तो बाहेर गेला. त्याच्या बाजूने मी लिहिले असते का? नाही. त्याला तपासले, तो कमी पडला, व्यवहार संपला. सर्फराजचेही तेवढेच देणे आहे. भारताबाहेर सलग एक मालिका खेळवा. आखूड टप्प्याच्या चेंडूवर तो गडबडला, चार कसोटींत पडला, तर काढा. तेव्हा या ब्लॉगवर त्याच्यासाठी एक ओळही येणार नाही. पास होण्याचा हक्क सगळेच मागतात. राखीव माणसाला बहुतेक वेळा परीक्षेत बसून नापास होण्याचाही हक्क मिळत नाही.

आणि आपल्या माणसांना एक विनंती. पुढच्या वेळी ग्रुपवर सर्फराजचा फोटो टाकाल तेव्हा त्याखाली त्याचे आडनाव लिहू नका, त्याच्या धावा लिहा. ९२८. ९८२. नाबाद ३०१. दीडशे. आडनावावर समोरच्याला हवे तेवढे भांडता येते. या आकड्यांवर भांडता येत नाही, म्हणून तर सगळ्यांना आडनावावर बोलायला सोपे जाते. नियम जाहीर झाला, त्याच नियमाने सर्फराज बसत असला आणि तरी त्याला डावलले, तर त्या दिवशी नावाचा प्रश्न सर्वांत आधी मी विचारीन, आणि त्या दिवशी तो झटकून टाकणे कोणालाही जमणार नाही. आज मात्र एवढेच विचारायचे आहे, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा: त्याला का घेतले नाही?